प्रवासवर्णनातली हरवलेली गल्ली

दिवाळी अंकात निदान एक प्रवासवर्णन असावे, हा आपल्याकडचा संकेत फराळाच्या ताटात एक तरी चिरोटा असावा इतकाच जुना आणि इतकाच बिनतक्रार पाळला जाणारा आहे. गेली पन्नासएक वर्षे मी हे चिरोटे आवडीने खात आलो आहे. एकदा स्वतः एक तळूनही पाहिला. मुलगी टोकियोला नोकरीनिमित्त राहते. तिच्याकडे सहा आठवडे काढून आल्यावर एका स्मरणिकेसाठी मी लेख लिहिला आणि त्याला ‘उगवत्या सूर्याच्या देशात’ असे नाव दिले. या नावावर कोणी हक्क सांगण्याची भीती नव्हती, कारण ते सगळ्यांनीच वापरून झालेले आहे. गाडी ठरल्या क्षणी सुटते, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, विसरलेली छत्री जागच्या जागी मिळते, दुकानदार कमरेतून वाकतो, फुजी पर्वत दोन दिवस ढगात लपला होता पण तिसऱ्या दिवशी त्याने आम्हांला दर्शन दिले, असा सगळा मजकूर त्यात यथासांग होता. शेवटी ‘आपण यातून काय शिकणार?’ हा प्रश्नही होता. लेखाचे बरे स्वागत झाले. मित्रांनी फोन केले. मुलीलाही अंक पाठवला.

तिचा फोन आला तो असा : “बाबा, लेख छान झालाय. पण यात आम्ही राहतो ते कुठे आहे?”

मी म्हटले, “अगं, टोकियोच तर आहे सगळं.”

“टोकियो आहे हो. पण आमची गल्ली कुठे आहे?”

त्या वेळी मला राग आला. सहा आठवडे तिच्या घरी जेवलो, तिचे आभार लेखात मानले, आणखी काय पाहिजे? पण राग ओसरल्यावर मी लेख पुन्हा वाचला आणि लक्षात आले की तो लेख टोकियोत एक रात्र हॉटेलात काढलेल्या माणसालाही लिहिता आला असता. खरे म्हणजे टोकियोला न जाता, कपाटातली चार पुस्तके समोर ठेवूनही तो लिहिता आला असता. आणि सत्य सांगायचे तर थोडाफार तसाच तो लिहिला गेला होता. मी जे पाहिले ते आधी वाचलेले होते, आणि जे वाचलेले नव्हते ते मी पाहिलेच नाही.

मग मी कपाटातली पुस्तके आणि जुने अंक काढून बसलो. मराठीत जपानवर जे लिहिले जाते त्यात एक पात्र हटकून भेटते. त्याचे नाव ‘जपानी माणूस’. हा जपानी माणूस कष्टाळू असतो, नम्र असतो, सौंदर्यासक्त असतो, आणि तो कोणाच्याही शेजारी राहत नाही. त्याला घर असते पण पत्ता नसतो. तो कधी चिडत नाही, भाजीवाल्याशी हुज्जत घालत नाही, सुनेविषयी तक्रार करीत नाही. पानेच्या पाने वाचून झाली तरी त्याला एखादे आडनाव फुटत नाही. आपल्या प्रवासवर्णनांत जपान भरपूर आहे. जपानातला शेजारपाजार मात्र नाही.

इथे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंगा’चे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. हे पुस्तक १९६३ साली आले. त्याआधी तीन वर्षे ‘अपूर्वाई’ आली होती आणि मराठी मध्यमवर्गाला परदेश कसा पाहावा याचे वळण लागले होते. माझ्या पिढीला जपान दिला तो या पुस्तकाने, यात शंका नाही. त्याच्यावर दोष ठेवायला मी बसलेलो नाही. पुलंना माणूस दिसत असे आणि विशेषतः ऐकू येत असे. त्यांच्या विनोदाचा अर्धा जीव कानात आहे. परंतु त्या काळच्या प्रवासवर्णनापुढे एक अट होती, तिचा विचार आपण फारसा करत नाही. १९६३ चा मराठी वाचक जपानला जाणार नव्हता. परकीय चलनाची टंचाई होती, विमानाचे भाडे आवाक्याबाहेर होते. अशा वाचकासाठी लिहिताना लेखकाला देशच्या देश उचलून आणावा लागे. तो आपल्या सगळ्यांच्या वतीने गेलेला एक प्रकारचा वकील असे, आणि वकिलाने गल्लीबोळांत रमून चालत नाही. त्याला ‘तिकडचे लोक कसे आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर घेऊन यावे लागते.

अट गेली, रीत मात्र राहिली. आज कोथरूडपासून आमच्या गारखेड्यापर्यंत कोणत्याही इमारतीत दोन तरी घरे अशी निघतात की ज्यांची मुले परदेशात आहेत आणि ज्यांनी तिकडे महिना-दोन महिने काढलेले आहेत. तरी ही मंडळी लिहायला बसली की पुन्हा वकिलीच करतात. पुलंचा कान नसताना पुलंची रीत चालवायची म्हणजे पेटी नसताना नुसता भाता हलवण्यासारखे आहे. मी तो हलवलेला आहे, म्हणून सांगतो.

आपली मूळची परंपरा अशी होती का? मला तर उलट दिसते. महानुभावांची ‘स्थानपोथी’ घ्या. चौदाव्या शतकातली समजली जाणारी ही पोथी चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची नोंद करते. आमच्याच भागातली पैठण आणि वेरूळ तिच्यात आहेत. देऊळ कोणत्या तोंडाचे, मठ त्याच्या कोणत्या दिशेला, पडवी कुठे, वड कुठे, असे एखाद्या मोजणीदाराने लिहावे तसे ते लिहिलेले आहे. वाङ्मय म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. पंथाची स्थळसूची म्हणून अभ्यासक चाळतात. पण त्या कोरड्या दिशानिर्देशांमागे केवढी ओढ आहे! आपला माणूस या जागी बसला होता, ती जागा हरवता कामा नये, एवढ्याच काळजीने ती लिहिलेली आहे. पुढे वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. त्यात झाशी आहे ती राणीच्या कर्तबगारीपुरती नाही; वेढ्यात सापडलेल्या शहरातली घरे, हवेल्या, विहिरी आणि देवळे त्यात आहेत. भटजींना ‘झाशीकर माणूस’ असा कोणी भेटत नाही. ज्याच्या घरी उतरले तो भेटतो, ज्याच्या पंगतीला बसले तो भेटतो. परदेशगमन सुरू झाले आणि आपण ही नजर गावीच ठेवून गेलो.

दुसऱ्या खेपेला टोकियोस गेलो तेव्हा मनाशी ठरवले की या वेळी प्रेक्षणीय काही पाहायचे नाही. हा निश्चय फार दिवस टिकला असे नाही. पण पहिले काही दिवस टिकला, आणि त्याचे श्रेय सौ.च्या गुडघ्याला आहे. तो दुखत असल्यामुळे लांब जाता येईना. तेव्हा आम्ही निशी-कासाईतच फिरू लागलो.

निशी-कासाई म्हणजे पश्चिम कासाई. शहराच्या पूर्व कडेला, एदोगावा प्रभागात, खाडीच्या अंगाने वसलेली ही वस्ती. एके काळी इथे समुद्रशेवाळ पिकवणारे कोळी राहत. पुढे भराव टाकून जमीन वाढवली गेली आणि तिच्यावर मोठमोठ्या चाळवजा इमारतींचे गट उभे राहिले. भुयारी रेल्वेचे निशी-कासाई स्थानक १९७९ चे. २००० सालच्या आसपास संगणकांच्या कामासाठी भारतीय अभियंते मोठ्या संख्येने आले ते इथे स्थिरावले. कारणे साधी : इथून एकच गाडी थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत जाते, आणि सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेची घरे भाड्याने घेताना जामीनदार लागत नाही. परक्या माणसाला टोकियोत घर मिळण्यात खरी अडचण जामीनदाराचीच असते. २०१९ साली जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले, ते याच वस्तीच्या आसऱ्याने. माझ्या पहिल्या लेखात यातले एक अक्षर नव्हते. मी तिथे राहत होतो ना!

टोकियोतला पत्ता हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बहुतेक रस्त्यांना नावच नाही. पत्त्यात आधी प्रभाग, मग मोहल्ला, मग त्या मोहल्ल्याचा क्रमांकित भाग, मग ठोकळा, मग घर. पूर्वी जमिनीच्या तुकड्यांची जशी नोंद होत गेली तसे आकडे पडले होते, त्यामुळे चाराशेजारी सतरा आणि सतराशेजारी दोन असा प्रकार असे. १९६२ च्या कायद्याने त्याला शिस्त लावायला सुरुवात केली. तरी आजही कोपऱ्याकोपऱ्यावर मोहल्ल्याचा नकाशा रंगवलेला असतो आणि वाट विचारणारांसाठी पोलीसचौकी असते. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाला या प्रकाराची एवढी मोहिनी पडली की त्याने १९७० च्या आपल्या जपानवरील पुस्तकात त्यावर एक प्रकरणच लिहिले, आणि लोकांनी त्याला कागदाच्या चिटोऱ्यांवर काढून दिलेले नकाशेही छापले. प्रकरण सुंदर आहे. पण मला वाचताना सारखे वाटत होते की या विद्वानाला एकदा आमच्या सिडकोत आणून सोडला पाहिजे. एन-सात, एन-आठ, एन-नऊ. रस्त्याचे नाव विचारू नका, सेक्टर सांगा, मग घराचा क्रमांक आणि सरतेशेवटी ‘पाण्याच्या टाकीजवळ’. आणि जुन्या गावात तर आकडाही नको. ‘राजाबाजार, संस्थान गणपतीच्या मागे’ एवढ्यावर पोस्टमन सायकल उभी करतो. ज्याला गुलमंडीवर सुपारी हनुमानाच्या खुणेने घर शोधता येते त्याला टोकियो चक्रावून टाकणार नाही. बार्थला त्यात चिन्हांचे साम्राज्य दिसले. मला माझे गाव दिसले. दोघांनीही आपापल्या घरूनच नजर नेली होती, एवढे म्हणतो आणि हा वाद सोडतो.

सौ.ला जपानी येत नाही, इंग्रजीही बेताचेच. तरी आठ दिवसांत तिला जे माहीत झाले ते मला दोन खेपांत झाले नव्हते. कोणत्या वारी ओला कचरा, कोणत्या वारी बाटल्या. भाजीचे भाव संध्याकाळी किती वाजता उतरतात. समोरच्या इमारतीतली आजी नातवाला शाळेत पोचवून परत येताना कोणत्या बाकावर टेकते. एकदा मी चुकीच्या दिवशी कचऱ्याची पिशवी खाली ठेवून आलो. दहा मिनिटांत घंटी वाजली. दारात त्याच आजीबाई, हातात आमची पिशवी. त्या वाकल्या नाहीत. त्यांनी मला जे काही सुनावले त्यातला शब्दही कळला नाही आणि अर्थ पूर्ण कळला. आमच्या औरंगपुऱ्यात माझ्या लहानपणी नळाच्या रांगेत मोडता घालणाऱ्याला ज्या सुरात बोलणी बसत तोच हा सूर. पुस्तकातला तो नम्र ‘जपानी माणूस’ त्या क्षणी माझ्यापुरता वारला, आणि त्याच्या जागी पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सौ. त्यांना बेसनाचे दोन लाडू देऊन आली. त्यांनी एक लगेच, दारातच खाल्ला.

संध्याकाळी टोकियोच्या बऱ्याच प्रभागांत खांबावरच्या भोंग्यातून एखाद्या जुन्या बालगीताची धून वाजते. भूकंपाच्या वेळी सूचना देण्याची यंत्रणा चालू आहे ना, याची ती रोजची परीक्षा. पण मुलांना ती घरी परतण्याची खूण झाली आहे. आपत्तीचा भोंगा दिवेलागणीची हाक होतो, ही गोष्ट मला कुठल्याही प्रवासवर्णनात सापडली नव्हती. सौ.ने दुसऱ्याच दिवशी त्या धुनेवर देवापुढे दिवा लावायला सुरुवात केली होती.

आता खुद्द जपानी लेखकांकडे पाहा. नागाई काफू हा मोठा लहरी गृहस्थ. त्याचे ‘हियोरी-गेता’ हे छोटे पुस्तक १९१५ चे. हियोरी-गेता म्हणजे कोरड्या हवेत घालायच्या लाकडी खडावा. टोकियोच्या हवेचा भरवसा नाही म्हणून खडावा पायात आणि छत्री हातात घेऊन, खिशात जुन्या एदो शहराचा नकाशा ठेवून हा माणूस शहरभर भटकतो. पुस्तकातली प्रकरणे कशावर आहेत? झाडांवर, पाण्यावर, बोळांवर, मोकळ्या पडक्या जागांवर, कड्यांवर, चढांवर. एक प्रकरण रस्त्याकडेच्या अनधिकृत चिमुकल्या देवळांवर आहे, जिथे कोणी नवस बोलते आणि कोणी काहीतरी विचित्र वाहते. वाचताना आपल्याकडच्या शेंदूर फासलेल्या दगडांची आठवण होते. फुजी पर्वत या पुस्तकात आहे, पण तो येतो शेवटच्या प्रकरणात, मावळतीच्या उजेडात, गावातल्याच उंचवट्यावरून दिसणारा. आमच्या लेखांत फुजी मुद्दाम तिकीट काढून पाहिलेला असतो. काफूचा फुजी वळणावर भेटतो. त्यात एक खंतही आहे. शहर भराभर पाडले जात होते आणि तो मागे उरलेल्याचा माग काढीत होता. पुढे १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बॉम्बफेक यांनी त्यातलेही बरेच नेले.

मोरी ओगाईची ‘गान’ ही कादंबरी १९११ ते १९१३ या काळातली. तिच्यात एक वैद्यकीचा विद्यार्थी रोज संध्याकाळी फिरायला जातो. कोणत्या चढावरून उतरतो, तळ्याच्या कोणत्या बाजूने वळतो, हे लेखकाने नेमके सांगितले आहे, आणि त्या वाटेवर एक खिडकी आहे म्हणून कादंबरी आहे. वाट वेगळी असती तर ती खिडकी लागली नसती. टोकियोत रस्त्यांना नावे नसतात, पण चढांना असतात, आणि वाङ्मय बहुधा या चढांच्या आश्रयाने वाढले आहे. मुएनझाका हा तो चढ आजही आहे. मुलीने रविवारी आम्हांला तिकडे नेले. गुडघा तोवर बरा झाला होता.

आम्ही यानाकापासून निघालो. भूकंपातून आणि बॉम्बफेकीतून बऱ्यापैकी वाचलेला हा जुना भाग. देवळे, दफनभूमी, मांजरे आणि अरुंद बाजार. दफनभूमीत पाच मजली पॅगोड्याचा नुसता चौथरा आहे. ज्या पॅगोड्यावर कोदा रोहानने १८९० नंतरच्या वर्षांत प्रसिद्ध कथा लिहिली तो हा. १९५७ साली जळाला. यानाका, नेझू आणि सेनदागी या तीन मोहल्ल्यांचे मिळून एक नियतकालिक १९८४ साली निघाले. काढणाऱ्या होत्या तिथेच राहणाऱ्या तीन स्त्रिया, लहान मुले सांभाळून. मोरी मायुमी त्यांपैकी एक. कोणत्या विहिरीचे पाणी कसे होते, कोणत्या दुकानात तीन पिढ्या काय विकले गेले, भूकंपाच्या दिवशी म्हातारीने काय उचलून पळ काढला, हे त्या घरोघरी जाऊन विचारीत आणि छापीत. २००९ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, अंक निघत राहिले. या तीन मोहल्ल्यांना मिळून आज लोक ज्या एका नावाने ओळखतात, त्या ‘यानेसेन’ या नावाचा प्रसार या अंकानेच केला. तीन बायकांनी एका नियतकालिकाने शहराच्या नकाशावर एक गाव उमटवले. पंचवीस वर्षांत त्यांनी ‘जपानी लोक कसे असतात’ हा प्रश्न कधी विचारला असेल असे वाटत नाही. त्यांना वेळ नव्हता.

नेझूहून वर चढले की विद्यापीठ लागते. तिथे मी जरा वेळ थांबलो, त्याचे कारण अजिंठा. १९१७-१८ च्या सुमारास आराई काम्पो आणि त्याचे सहकारी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती करीत होते. टोकियोच्या विद्यापीठात ठेवलेल्या त्या प्रती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. आमच्या जिल्ह्यातल्या भिंतींवरचे रंग, कागदावर उतरून, इतक्या दूर येऊन, या शेजारच्या मोहल्ल्याच्या डोळ्यांदेखत गेले. पहिल्या लेखात मी ‘भारत आणि जपान यांचे प्राचीन सांस्कृतिक संबंध’ असे एक वाक्य लिहिले होते. त्या वाक्याचा खरा पत्ता इथे, या चढावर होता.

सगळ्यांत जास्त लाजवले मात्र एका चित्रपटाने. यासुजिरो ओझूचा ‘टोकियो मोनोगातारी’, १९५३ चा. ओनोमिची या गावचे म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात. मोठा मुलगा डॉक्टर, पण त्यांना वाटले होते तसा भर शहरात नाही. कुठे तरी कडेला, साध्या वस्तीत. मुलीचे केशभूषेचे दुकान. कोणालाच वेळ नाही. शेवटी युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको, कचेरीतून सुटी काढून त्यांना प्रेक्षणीय स्थळांच्या बसमध्ये बसवून फिरवते. बस हिंदकळते, माना एकदम इकडे वळतात, एकदम तिकडे. आमचे समग्र प्रवासवर्णन त्या एका बसमध्ये आहे. पण मग ती त्यांना एका उंच दुकानाच्या जिन्यावर नेते, आणि तिथून म्हातारा-म्हातारी स्थळे पाहत नाहीत. थोरल्याचे घर कोणत्या दिशेला, मुलीचे कोणत्या, आणि सुनेची खोली कोणत्या, हे त्यांना दाखवले जाते. त्या अफाट शहरात त्यांना पाहायच्या होत्या त्या एवढ्या तीनच जागा. हा प्रसंग मी मुलीच्या घरी, तिच्या शेजारी बसून पाहिला. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ‘स्थानपोथी’ लिहिणाराला हा जिना लगेच समजला असता.

मराठीत असे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मीना प्रभूंचे ‘माझं लंडन’ आहे. पण लंडन त्यांचे राहते गाव होते, पाहुण्याची अडचण त्यांना नव्हती. माझा मुद्दा पाहुण्याविषयी आहे. पाहुण्याला महिनाभरात गाव कळत नाही हे खरे. पण एक गल्ली कळू शकते, आणि देश मात्र मुळीच कळत नाही. आमची मंडळी नेमकी उलट पैज लावतात.

ही तक्रार करताना मी आमच्याच गावाकडे बोट दाखवले पाहिजे. अजिंठा-वेरूळला येणारे जपानी यात्रेकरू मी लहानपणापासून पाहतो. विमानतळावरून हॉटेल, हॉटेलावरून लेणी, लेण्यांवरून विमानतळ. मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी, त्याचा भडकल दरवाजा, नहर-ए-अंबरीचे पाणी, बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे असे जिचे वर्णन करण्याचा प्रघात आहे ती वस्ती त्यांना दिसत नाही. कशी दिसेल? बेगमपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा यांवर त्या तीन बायकांसारखा एखादा अंक आपण काढला आहे का? बिकानेरचा राजा कर्णसिंह, त्याचा पुत्र पदमसिंह आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्या छावण्यांची नावे रोज रिक्षावाल्याच्या तोंडी असतात. ती कुठून आली हे रिक्षावाल्यालाही ठाऊक नसते आणि बसणाऱ्यालाही. २०२३ साली शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हा शहराच्या नावावर घरोघर भरपूर बोलणे झाले. पुऱ्यांच्या नावांवर कोणी बोलले नाही. दरवाजे एकेक करून रहदारीच्या चौकांत अडकत आणि ढासळत गेले. आपल्याला टोकियोची गल्ली दिसत नाही यात आश्चर्य नाही, आपली तरी कुठे दिसते?

परत आल्यावर मी तो लेख नव्याने लिहायला घेतला आहे. फुजी गाळला आहे. गाड्यांचा वक्तशीरपणा एका वाक्यात उरकला आहे, तोही मुलीला सकाळी कितीची गाडी गाठावी लागते हे सांगण्यापुरता. इमारतीच्या पूर्वेला शाळा, उत्तरेला भाजीवाला, शाळेच्या भिंतीला लागून बाक, बाकावर आजीबाई. पाच पाने झाली ती मुलीला पाठवली. दोन दिवसांनी ती परत आली. कौतुकाचा शब्द नाही, तिसऱ्या पानावर फक्त एक दुरुस्ती : “बाबा, भाजीवाला मंगळवारी बंद नसतो, बुधवारी असतो. आईला विचारा.”